वाक्यात उपयोग करा

देसेन्तेन्देर्से.
फळ्यावर लिहिलं, खाली रेघ ओढली.
एन्तेन्देर म्हणजे कळणं.
आधी देस लागला की कळलेलं उलटं फिरतं,
आणि शेवटचा से सांगतो
की फिरवणारा हात ज्याचा त्याचाच.
जे कळलंय ते आपणच आपल्यातून काढून टाकायचं
आणि मोकळं व्हायचं.

पोतोसीच्याही वर, पत्र्याखाली सातवीचा वर्ग,
तेवीस मुलं, बोटं गारठलेली.
म्हटलं, वाक्यात उपयोग करा.

साबिना उठली : खाणीचा बांध फुटला,
कंपनीनं कानावर हात ठेवले.
फ्लोरेन्सिओ : नगरपालिकेनं काखा वर केल्या.
कुणीतरी बसल्या बसल्याच : इंजिनियर ला पाझला गेला,
तिथं तो नामानिराळा.
तृतीयपुरुष भराभर भरला, एकवचन, अनेकवचन,
खडू पुरेना.
द्वितीयपुरुषाला थोडी कुजबुज झाली,
तू गप्प बस, तुझ्या आईनं त्याच पाण्यातले बटाटे
बाजारात विकले.
प्रथमपुरुष कोरा.

बांध फुटला, असंच म्हणतात सगळे.
पेला फुटतो तसा.
नदी नारिंगी झाली, मासे वर आले,
सगळं आपापलं होत गेलं,
कर्त्याची जागा आम्ही कुणी विचारली नाही.

मग शेवटच्या बाकावरून एदिल्बेर्तो कोंदोरी
न विचारता पुढे आला.
बाप त्याचा बांधावर रात्रपाळीचा पहारेकरी.
टाचा उंचावून, वाकड्या अक्षरात त्यानं लिहिलं :
मी त्या रात्री बाबांबरोबर होतो.
तडा मी पाहिला.
बाबा म्हणाले, झोप.
मी झोपलो.

खाली नदीवर पंप सुरू होता, त्याचा आवाज
वर्गात इतका स्पष्ट येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.
साबिना माझ्याकडे बघत होती.
मी म्हणाले, एदिल्बेर्तो,
दिलेलं क्रियापद यात कुठे आहे?
आणि डस्टर फिरवलं.
दोनदा फिरवावं लागलं, दाबून लिहायची सवय आहे त्याला.

घंटा झाली. मुलं डबे घेऊन टँकरकडे पळाली.

गुरुवारी चौकशीवाले आले,
स्वच्छ बूट, कोकाचा चहा, दोन चमचे साखर.
बाई, मुलांपैकी कुणी काही बोललं का?
काही पाहिल्याचं, ऐकल्याचं?
मी बाहीवरचा खडू झटकला.
म्हणाले, नाही हो,
आमचा व्याकरणाचा तास होता.