कंडेन्सर

मे महिन्यात इतवारीत, माझ्या दुकानापुढे
कूलरच्या मोटरी ओळीनं पडून असतात.
अर्ध्याअधिक मोटरींचं दुखणं एकच:
बटण दाबलं की गुणगुणते, तापते,
पंखा मात्र फिरत नाही.
पातं बोटानं ढकलावं लागतं.
मग फिरते, पण उधारीवर.

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
नेमकं काय होतं?
मला दुसरं काही सुचलंच नाही.
म्हटलं, मॅडम, आतून चालूच असतो जी मी.
पहाटे तीनपासून चालू.
अन् उठून दात घासायचे तर
पातं हलत नाही.

त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

साळा म्हणाला, ऊन लागलं असंन, कांदा ठेव खिशात.
ठेवला.
आठ दिवस शर्टाला वास.
कांद्यानं ऊन उतरतं,
हे उतरलं नाही.

पहिल्या गोळीनं तोंड कोरडं पडलं, बाकी सगळं तसंच.
दुसरीनं हात थरथरले.
छत्तीस गेजची तार केसासारखी असते;
त्या महिन्यात चार वाइंडिंग जाळल्या,
एक तर शेजारच्या निखारेंची, फुकटात भरून दिली.
तिसरी अर्धी लागू पडली.
अर्धी म्हणजे,
आता आंघोळ होते.

मी विचारलं, मॅडम, तुमच्याकडे मीटर नसते का?
मी दोन तारा लावतो अन् सांगतो,
कंडेन्सर गेला, ऐंशी रुपये.
त्या म्हणाल्या, नाही. अजून तरी नाही.
सहा आठवडे बघू, नाहीतर बदलू.

राग आला नाही.
शिकाऊ होतो तेव्हा मीही असंच करायचो:
आधी कंडेन्सर बदल, मग बुश,
मग सगळंच उकल.
पण ओळीत पडलेली मोटर
घरी कुणाला तोंड दाखवत नाही.
सहा आठवडे तिला कुणी विचारत नाही,
जेवलास का.

घरी तीन वाजता कुंदा उठते,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकते, परत झोपते.
काही विचारत नाही.
हे न विचारणं ती कुठून शिकली, कुणास ठाऊक.

काल बाकावर बाजूला एक पोरगी होती, काटोलकडची.
आत सावली, वर पंखा,
तरी तिनं तोंडाचा दुपट्टा सोडला नव्हता.
हातात पहिल्या भेटीचा कोरा कागद,
घडी घालून घालून रुमालाएवढा झालेला.
नुसते डोळे माझ्याकडे वळवून म्हणाली,
काका, यानं बरं वाटते का जी?

खोटं बोलायचं नव्हतं.
खरं माझ्याकडे अर्धंच होतं.

म्हटलं, फिरते.
हळू फिरते.
तेवढ्यात आतून कुणाचा तरी नंबर पुकारला
अन् आम्ही दोघंही उठलो.