भरलेला वजा रिकामा

फाटकावरची पाटी चौथ्यांदा रंगवली दाजी शिवलकरने.
वरचं नाव खरवडताना त्याखालचं दिसलं,
त्याखाली आणखी एक,
आणि सगळ्यात खाली, पत्र्याला धरून,
‘चुना व वाळू मिळेल’.
त्याच्याच आजोबांचा हात, ळ-ची तीच वेलांटदार शेपटी.
दाजी काही बोलला नाही.
टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि नवं नाव काढलं,
जे त्याला लिहिता आलं, उच्चारता नाही.

मी वजनकाट्यावर असतो. काम सोपं आहे:
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक.
उरते ती आमची पुळण.
सतरा वर्षं वजाबाकी करतोय.

मालक कोण ते मला विचारू नका.
कंपनी म्हणे एका बेटावरच्या कंपनीची,
ती दुसऱ्याच मुलखातल्या कंपनीची,
आणि ती एका टपालपेटीची.
एकदा एक गोरा पाहुणा आला होता,
बूट काढून चालला काळ्या वाळूवर, भर दुपारी.
दुभाष्याने सांगितलं, साहेब म्हणतायत, भाजतं.

शेवंती भोईणीला ते न सांगता ठाऊक.
ही वाळू लवकर तापते, उशिरा निवते,
चणा करपत नाही, नुसता फुलतो.
वर्षातून एकदा अर्धं घमेलं न्यायची जेटीच्या वळणावरच्या भट्टीला.
नव्या वॉचमनने घमेलं धरलं: ही वाळू नाय, खनिज आहे.
“मग मी काय जहाज भरतेय?”
भांडण माझ्याकडे आलं. घमेलं काट्यावर ठेवलं.
शून्य.
वीस किलोच्या आतलं माझ्या काट्याला दिसत नाही.
ने, म्हटलं.

आषाढात समुद्र अख्खी पुळण उचलतो,
भाद्रपदात आणून टाकतो, कधी कमी, कधी ओंजळभर जास्त.
त्याच्याकडे परवाना मागायला कोणी गेलं नाही.

मग एका मंगळवारी दिल्लीचा कागद आला.
आमच्या वाळूचं नाव यादीत चढलं होतं.
विमानाच्या पंखात असते म्हणे, पाणबुडीच्या पोटात,
मोडलेल्या मांडीत बसवतात त्या सळईत.
आता परवानगीशिवाय चिमूटभरही बाहेर नाही.
ढिगावर ताडपत्री, ताडपत्रीच्या दोरीला लाखेचं सील.
जहाज खाडीच्या तोंडाबाहेर उभं राहिलं,
रात्री गावाएवढे दिवे, दिवसा गंज.

रज्जाक मुकादम म्हणाला, चांगलं झालं की,
आपलं आपल्याकडे राहिलं.
त्याचे तीन ट्रक. संध्याकाळी हप्ते मोजले,
मग पुन्हा आला आणि म्हणाला,
आपलं म्हणजे नक्की कोणाचं रे?
मला काट्यावरून उठता येत नव्हतं,
आणि काट्यावर काही येत नव्हतं.

चौतिसाव्या दिवशी नमुना घ्यायला साहेब आले.
पिशवी, चमचा, पाच सह्या. त्यातली एक माझी.
परतताना शेवंतीकडून चण्यांची पुडी घेतली.
चावताना कचकन काहीतरी लागलं.
थुंकले नाहीत. जिभेवरून बोटावर घेतलं, उन्हात धरलं:
काळा, चकचकीत, एकच दाणा.
“किती वर्षं वापरता ही?”
“माझ्या सासूची आहे,” शेवंती म्हणाली,
“मी फक्त भर घालते.”
साहेबांनी बोट रुमालाला पुसलं,
रुमालाची घडी खिशात गेली, खिसा गाडीत,
गाडी फाटकातून माझ्यासमोरून बाहेर.
पावती मी फाडली नाही.

त्रेचाळीसाव्या दिवशी जहाज रिकामंच वळलं.
दाजी शिडी घेऊन फाटकाशी आला होता,
खरवडणी हातात.
कोणी बोलावलं होतं, त्यालाही आठवेना.
थोडा वेळ पाटीखाली उभा राहिला,
मग शेवंतीकडे गेला, चणे आहेत का बघायला.