दीड फेरा

बादली भरायला साडेअकरा मिनिटं.
घड्याळ लावून मोजलं,
मग शेजारच्या सुलक्षाताईंकडे जाऊन त्यांचीही मोजली:
तीन.
म्हणजे सरकारचा दोष नाही,
दोष आमच्याच घरात कुठेतरी.

बोस्त्यांव आला, पान्यांची पिशवी खांद्याला.
नळाच्या तोंडाची जाळी काढून तळव्यावर आपटली.
लाल चिमूट पडली.
"दिवचलचो दोंगर," म्हणाला, "तुमच्या चायेंत वता."
जाळी माडाच्या शिरक्यात भिजवली, दात घासायच्या ब्रशने घासली.
मिनिटं नऊ झाली. नऊच.

गच्चीवर टाकी. टाकीखाली पितळी व्हॉल्व्ह,
चाक हिरवं पडलेलं, अर्ध्यावर अडलेलं.
खोबरेल सोडून त्याने ते फिरवलं,
दीड फेरा,
आणि खाली घर एकदम बोलू लागलं:
फ्लशने श्वास घेतला,
मोरीतला नळ भांड्यांवर तुटून पडला,
पेला घरंगळत दारापर्यंत.

मग ओट्यामागची भिंत घामेजली.
मग बेसिनखाली टपटप.
पंचेचाळीस वर्षांचा पाइप, जोर विसरलेला.

बोस्त्यांव भिंतीला कान लावून उभा.
"हें कोणें तरी जाणून बंद केलां, बाय."

सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली.
गच्चीवर तेच जायचे, रोज, फडकं घेऊन.
घरात बेताचंच बोलायचे.
मला वाटायचं, स्वभाव.

चाक पाऊण फेरा मागे.
बादली आता पाच मिनिटांत.
पाइप चवथीनंतर बदलायचे ठरलंय,
तोवर पाच मिनिटं
मी मोरीत उभी असते,
भिंतीवर हात ठेवून.
कोरडी आहे.