आधी रिकामी गाडी

जिनिंग मार्चातच थांबलं.
वडनेरच्या धर्मकाट्यावर दिवसाला एखादी गाडी, तीही भंगाराची.
मी तरी येते. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतते
आणि मालकाने नागपूरहून किलोच्या भावात आणलेल्या
डब्यासमोर बसते.

यादी विचारते : तुझा प्रोसेसर कोणता?
तीनशे शहाऐंशी, चारशे शहाऐंशी, पाचशे, सहाशे,
पुढे नुसती नावं, बैलबाजारात खुंट्याशी उभी असावीत तशी.
डब्यावर निळं स्टिकर होतं, एक कोपरा उचकटलेला.
मी त्यावर भरवसा ठेवला.
सहाशे शहाऐंशी.

लाइन जायची, इन्व्हर्टर बसायचा,
दोन दिवस दळण चाललं.

शालिकभाऊ दारात. फौजेतून आलेला, आता चौकीदार.
“काय करून राह्यली व, सुकेशनी?”
कर्नल बांधते, भाऊ.
“माह्या टायमाचा कर्नल पाच फूट दोन इंच होता.
त्याले बांधाची हिंमत नाही झाली कोनाची.”
तो नाही. सरकीतला गर असते न, तसा.
वरची रुई, टरफल सगळं मागाहून.
तो सरकी दाताखाली धरून उभा राहिला.
“मंग गर कोनाच्या दातासाठी हाय,
थे पाह्यलं का पयले?”

नव्हतं पाहिलं.
चालू केला. एक ओळ आली :
या प्रोसेसरला झेपेल असा कर्नल द्या.
मग काही नाही. पंखा तेवढा फिरत होता.

पेचकस घेतला. पंखा उचलला.
खाली वाळलेला लेप, कोनाड्यातल्या जुन्या चुन्यासारखा.
ओढणीच्या टोकाने पुसला,
आणि अक्षरं निघाली : व्हिया. सी-तीन.
कुणाचा तरी दुसराच.

त्याला एक आज्ञा येत नाही.
अट खरी असेल तरच उचल, एवढीच.
बाकी सगळं येतं.
न येणाऱ्या शब्दाशी तो थांबला आणि तसं म्हणाला.
स्टिकर काहीच म्हणालं नव्हतं.

हंगामात मी दिवसाला दीडशे ड्रायव्हरांना ओरडते,
कागदावरचं वजन इथे चालत नाही,
आधी रिकामी गाडी आण, काट्यावर चढव, मग बोल.
तीच मी.

सर्वांत जुना पर्याय निवडता आला असता.
तीनशे शहाऐंशी कुठेही चालतो,
कुणाच्याही मापाचा झगा, सगळ्यांनाच ढगळ.
हात तिथे गेलाही.
मग यादीत खाली उतरले, सी-तीनवर आले,
त्याच्याच नावापुढे खूण केली.

दळण परत सुरू. ओळी सरकताहेत.
शालिकभाऊ कंटाळून काट्यावर जाऊन उभा राहिला,
साठ टनांच्या लोखंडावर एकटा, चपला काढून.
“किती?”
पडद्यावर साठ. तो हलला, चाळीस.
वीस-वीसच्या पावलाने मोजणारा काटा आहे, भाऊ,
तुम्ही त्याच्या मापाचे नाही.
“मंग माह्या मापाचा कोनता?”

दवाखान्यात आहे, म्हटलं.
तेवढ्यात लाइन गेली.