सुपडू नेहेते, गिअर विभाग

तिसऱ्यांदा सरकारी पॅकेज मंजूर झालं
तेव्हा गिरणाई मोटर्सच्या गेटवर पेढे वाटले.
सुपडू नेहेतेनं आपला पेढा रुमालात बांधला.
हात ग्रीसचे होते म्हणून,
असं त्यानं सांगितलं.

पहिल्या मदतीत शेडला रंग लागला.
सूचनापेटीलाही लागला,
तिची फट त्यात बुजली ती बुजलीच.
आत सुपडूचा एक कागद आहे:
दोन गिअर, दातांची नवी मोजणी, खाली पेन्सिलीत सही.

दुसऱ्या मदतीत चार महिन्यांचे थकलेले पगार निघाले.
खोटं कशाला बोलू,
माझ्या बहिणीचं लग्न त्याच पैशात झालं.

गाडी मात्र तीच.
तीनचाकी, त्याच नकाशावरची
ज्याची कडा उधईनं खाल्लीय.
दुसऱ्यात पडताना अजून खाकरते,
आसोद्याच्या पुलावर
माणसं उतरवल्याशिवाय चढत नाही.

साहेब म्हणाले, आता तीन वर्षं काळजी नाही.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मीही.
जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
ही म्हण तिथं कुणी काढली नाही.

सुट्टी झाल्यावर गेटबाहेर
सुपडू एकदम बोलला,
"माह्याआधी तीन गेले, भो.
म्हणून मायनं मले सुपात घातलं,
शेजारच्या काकूले सव्वा पायली ज्वारीत इकलं
अन् दुसऱ्या दिवशी परत घेतलं.
वाचलो. नाव पडलं सुपडू.
पण माय काही
मले सुपात ठेवून बसली नाही.
खाली टाकलं. रांग म्हणाली.
पडलो तं पडू दिलं."

मी काहीच म्हणालो नाही.
माझा पेढा केव्हाच खाऊन झाला होता.

समोर जुम्मा तडवीची विजेची रिक्षा उभी होती,
दुसऱ्याच कुठल्या कंपनीची, परराज्यातली.
आमच्याच पाळीची माणसं तो रोज
वीस रुपयांत स्टेशनला सोडतो.
सुपडूनं रुमाल सोडला,
पेढा जुम्माच्या हातावर ठेवला.
"कशाचा?" जुम्मानं विचारलं.
"वाचलो त्याचा."

रिक्षा निघाली कधी ते कळलंच नाही.
आवाज नाही, झटका नाही,
गिअर तर नाहीच.
मागच्या सीटवर सुपडूची डावी मूठ तेवढी
प्रत्येक वळणाला
हवेत पिळली जात होती,
पहिला,
दुसरा.