बी-टूवरचं प्यादं

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथवर गोणपाट, पट्टे सैल,
आणि मगदूम फाउंड्रीच्या माडीवर
लाकडी पॅटर्नच्या ढिगातून वाट काढत
आम्ही सातआठ जण पट मांडतो.

सिसिलियन. सहाव्या खेळीला पांढरा उंट जी-फाइव्हला जातो.
सातव्या खेळीला काळा वजीर
बी-सिक्सवर येऊन उभा राहतो
आणि सरळ खाली बघतो:
बी-टूवर एक प्यादं.
राखणीचा उंट केव्हाच गाव सोडून गेलेला.

अलिना मुल्लाणी, वय नऊ,
फुकटचं दिसलं की खाते.
खाल्लं, आणि फ्रॉकला हात पुसले.
अठराव्या खेळीला वजीर कोपऱ्यात कोंडला गेला
तेव्हा तिनं मान वर केली नाही,
एवढंच विचारलं,
"पण ते फुकट होतं ना?"

"विषारी असतं ते," मी म्हणालो.
तीस वर्षं हेच म्हणतोय.
बिंदू चौकाजवळच्या एका सायकल दुकानात
पंक्चर काढता काढता कुणीतरी मला शिकवलं होतं:
वजिरानं बी-टू खायचं नाही.
मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
त्या वहीच्या जोरावर जिल्ह्यात सहावा आलो. दोनदा.
ती चाळताना हल्ली वाटतं,
माझं सगळं शहाणपण म्हणजे
न खाल्लेली प्यादी.

भूपाल मगदूम खातात.
कांदा नाही, बटाटा नाही,
दिवेलागणीनंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही,
पण हे प्यादं उचलून खातात.
हत्ती बी-वन. वजीर ए-थ्री.
हात अलिनासारखाच पडतो,
तेवढाच हलका, तेवढाच बेफिकीर.
लांबून बघणाऱ्याला दोघांतला फरक कळायचा नाही.
रंग दिलेले दोन शाफ्ट शेजारी ठेवा,
कुठला बिडाचा, कुठला पोलादाचा
ते हातोडी मारल्यावर आवाज सांगतो.

शौनक पुण्याहून सुट्टीला आला की
मोबाइल पुढे करतो.
"काका, शून्य पूर्णांक शून्य शून्य. बरोबरी आहे."
तेवीस खेळ्या त्याला पाठ आहेत.
चोविसावी का, विचारलं
की तो पुन्हा मोबाइल बघतो.
मला शून्य कळतं. अर्ध्या सुताची चूक
मी नुसत्या बोटानं सांगतो.
पण बेअरिंग बसतं तेव्हा
तळहाताला काहीतरी कळतं,
ते या शून्यात कुठं दिसत नाही.

गेल्या सोमवारी काळी माझ्याकडे आली.
समोर मगदूम.
माझा वजीर बी-सिक्सवर.
अलिना शेजारी शेंगा फोडत बसलेली.
"खा की," ती हळूच म्हणाली.
"कोण बोलतंय मधी?" मगदूम गुरगुरले,
पण मिशीत हसले.

खाल्लं.

कानाच्या पाळ्या तापल्या.
खालून विझलेल्या भट्टीचा वास येत राहिला.
चौदा खेळ्या मगदूम सपासप खेळले,
यष्टीच्या कंडक्टरनं तिकिटं फाडावीत तशा.
पंधराव्या खेळीला थांबले.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.
माझा राजा पटाच्या मधोमध, बिनछपराचा,
आणि एक प्यादं जास्त,
ज्याचं काय करायचं मला माहीत नव्हतं.

"हितनं फुडं," ते म्हणाले,
"मलाबी ठावं न्हाई, लेका.
चाळीस वर्सं हितंच येऊन थटतोय."

कुणीच काही बोललं नाही.
अलिनानं दोन दाणे पटाच्या कडेला ठेवले,
एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.
दिवे लागले होते.
मगदूमांनी आपला दाणा खिशात टाकला, सकाळसाठी,
आणि घोड्याकडे हात नेला.