फुंकू नये

दुकानांच्या पाट्या रंगवतो मी,
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
इंच मोजून.
बेकरीवाल्यानं विचारलं, "केकवर नाव कुठल्या अक्षरात?"
आणि माझीच मोजपट्टी हरवली.
म्हटलं, नुसता पाचाचा आकडा घाल.
घातला त्यानं. इंग्रजी.

बैलहोंगलच्या बसनं सासूबाई आल्या, बसलिंगव्वा.
पिशवीत शेंगाहोळगी, कडक भाकरी,
कागदाच्या पुडीत विभूती.
आईनं सकाळपासून ताम्हन घासून ठेवलेलं,
सुपारी, अंगठी, तुपातल्या पाच वाती.
दोघींचं बोलणं म्हणजे
ही म्हणते "बसा की", ती म्हणते "हूं",
मग दोघी पंख्याकडं बघतात.

नीलाच्या कपाळावर आधी तीन पांढऱ्या रेघा आल्या,
मग त्यांच्या मधोमध कुंकू.
ती शिंकली. रेघा थोड्या नाकावर उतरल्या.
आईनं ओवाळलं.
बसलिंगव्वांनी लाल पाणी ओवाळून दारात ओतलं,
तिथं आईची रांगोळी होती, एका कोपऱ्यानं वाहिली.
शैलानं फडकं आणलं, खरं पुसलं नाही.

(आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'.
नव्या माणसाला वाटतं, ही मंडळी
सारखी सत्यच बोलतात.)

रात्रीचे नऊ. केक. पाच मेणबत्त्या.
वडगावातली निम्मी गल्ली टाळ्या तयार ठेवून उभी.
"आज्जी, बघ की!" नीला ओरडली.
दोघी वळल्या. तो शब्द दोन्हीकडं एकच.
तिनं गाल फुगवले
आणि दोन हात एकदम तिच्या तोंडापुढं:
"दिवा फुंकू नये, बाळा."
"दीपा आरसबारदु, कूसा."

तेव्हा पहिल्यांदा एकमेकींकडं
नीट बघितलं त्यांनी.

मग काय, थांबलो सगळे.
पोरं फरशीवर बसली. कुणीतरी जांभई दिली.
पलीकडच्या घरात माग खटखटत होता,
त्याला वाढदिवसाचं काही नव्हतं.
आईनं पानाचा डबा सरकवला.
बसलिंगव्वांनी बोटानंच सांगितलं,
तंबाखू नको, चुना जरा जास्त.
मेण साखरेत उतरत गेलं,
पाचाचा आधी सहा झाला,
मग कुठल्याच भाषेतला आकडा राहिला नाही.

शेवटची मेणबत्ती आपणहून गेली
तेव्हा नीला माझ्या मांडीवर झोपली होती,
गाल अजून थोडे फुगलेले.